जुना टायर रिम का सोडत नाही?

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा नजर टाका. कोपऱ्यात, धुळीने माखलेल्या कव्हरखाली एक तरी जुनी मोटरसायकल उभी असतेच. कुणाच्या बाबांची, कुणाच्या काकांची. विकायची इच्छा होत नाही आणि चालवायला कुणी नसतं. मग घरातलं कुणीतरी कॉलेजला जायला लागतं किंवा नोकरीला लागतं आणि विषय निघतो, "अरे, आपली ती गाडी आहे ना! बॅटरी टाकू, सर्व्हिसिंग करू, झालं काम."

बॅटरी सगळ्यांना आठवते, ऑइल आठवतं, पेट्रोलच्या टाकीतला गंजसुद्धा आठवतो. टायर मात्र कुणालाच आठवत नाही, कारण तो समोर दिसतो आणि दिसायला ठीकठाक असतो. हवा भरली की पुन्हा गुबगुबीत! आज बोलूया या गुबगुबीत म्हाताऱ्याबद्दल. तो बदलायचा कधी, आणि मुख्य म्हणजे रिममधून काढायचा कसा. कारण नवा टायर घालणं सोपं आहे, वर्षानुवर्षं बसून राहिलेला जुना टायर उतरवणं हेच खरं काम आहे.

आधी टायरचं वय बघा

टायरच्या बाजूच्या भिंतीवर खूप काही छापलेलं असतं. त्यात एका लंबगोल चौकटीत चार आकडे शोधा. पहिले दोन आकडे म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. 2319 असं लिहिलं असेल तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनला. कधीकधी हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा दुसऱ्या बाजूलाही वाकून बघावं लागतं. मोबाइलचा टॉर्च लावा आणि हाताने धूळ पुसा, लगेच सापडतील.

आमच्या घरी हा आकडा शोधला तेव्हा 3811 निघाला. आम्ही वडोदऱ्यात राहतो. बाबांची जुनी स्प्लेंडर त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पार्किंगमध्येच उभी होती. धाकट्या बहिणीला नोकरी लागली, ऑफिस लांब, आणि तिने जाहीर केलं की मी बाबांचीच गाडी चालवणार. बाबा खूश झाले. पण टायर बदलायचा विषय काढला तसे ते नाराज झाले. "टायर कशाला? काटे बघ, नव्यासारखे आहेत." काटे खरंच होते. पण 3811 म्हणजे 2011 चा सप्टेंबर. बहीण तेव्हा चौथीत होती.

इथेच बहुतेक घरांत वाद होतो. टायरची झीज आणि टायरचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रबर पक्कं करण्यासाठी कारखान्यात ते गंधकासोबत तापवतात. चार्ल्स गुडइयरने ही युक्ती 1839 साली शोधली. पण रबराचं हे पक्कं होणं कारखान्यात पूर्ण थांबत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांच्यामुळे ते हळूहळू कडक होत राहतं आणि शेवटी त्याला बारीक चिरा पडतात. टायरच्या रबरात एक मेणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. गाडी चालते, टायर दबतो-उठतो, तसं ते मेण पृष्ठभागावर येऊन संरक्षण करतं. उभ्या गाडीच्या टायरला हा व्यायामच मिळत नाही. म्हणून रोज पळणाऱ्या टायरपेक्षा कव्हरखाली आराम करणारा टायर लवकर म्हातारा होऊ शकतो.

नखाने दाबून बघा. नवं रबर थोडं दबतं आणि परत येतं. जुन्यावर नख प्लास्टिकसारखं टकटक वाजतं. मग टायर बोटांनी थोडा वाकवून बाजूच्या भिंतीवर चिरा दिसतात का तेही पाहा. असा कडक टायर कोरड्या रस्त्यावर कदाचित निभावून नेईल, पण पहिल्या पावसात, तेल सांडलेल्या सिग्नलपाशी, त्याची पकड कमी पडते. कारला निदान चार चाकं असतात, इथे दोनच, आणि त्यावर बसणारी व्यक्ती आपल्या घरातली असते.

बाबांना आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "मग काढा." एवढंच. पण त्यांना ते सोपं गेलं नाही हे दिसत होतं.

बांगडी आणि टायर

आता मूळ प्रश्न. टायर इतका घट्ट का बसतो?

टायरची आतली कड, जी रिमला चिकटून असते, तिला बीड म्हणतात. (आपला बीड जिल्हा नव्हे. इंग्रजीत मण्याला जो शब्द आहे, तोच.) या कडेच्या आत स्टीलच्या तारांचं एक कडं असतं. रबर ताणलं जातं, पण हे कडं ताणलं जात नाही. ताणलं गेलं असतं तर हवा भरल्यावर टायर रिमवरून उडालाच असता. रिमच्या दोन्ही काठांना उंच ओठ असतात आणि त्या ओठांचा व्यास तारेच्या कड्यापेक्षा मोठा असतो. म्हणजे लहान कडं मोठ्या ओठावरून काढायचंय आणि कडं तर ताणलं जात नाही. मग निघणार कसं?

उत्तर कासाराकडे मिळतं. काचेची बांगडीही ताणली जात नाही. पण कासार हाताचा अंगठा तळव्यात दुमडतो, हात चोपडा करतो, आणि बांगडी हाताच्या रुंद भागावरून अलगद सरकते. जागा बांगडीत नाही, हातात तयार होते.

रिममध्येही अशी जागा मुद्दाम ठेवलेली असते. टायर काढलेली रिम पाहिलीत तर तिच्या मधोमध, गोल फिरणारा एक खोलगट पन्हाळ दिसेल. टायरची कड एका बाजूने या पन्हाळात ढकलली की समोरच्या बाजूला तेवढीच ढील मिळते आणि तिथली कड ओठावरून बाहेर येऊ शकते. टायर काढण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. जो माणूस घाम गाळून, दात-ओठ खाऊन लिव्हर ओढतोय, त्याची समोरची बाजू हमखास वर राहिलेली असते. ती पन्हाळात गेलेलीच नसते. अशा वेळी जोर वाढवला तर टायर निघत नाही, रिमचा ओठ वाकतो किंवा लिव्हर निसटून तोंडावर येते.

ही तारेची कड आणि खोलगट रिम यांची जोडी आजची नाही. चार्ल्स किंग्स्टन वेल्च या इंग्रज गृहस्थांनी 1890 सालीच तिचं पेटंट घेतलं होतं, तेही सायकलसाठी. त्याआधीची गंमत ऐका. जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टमधल्या जनावरांच्या डॉक्टरांनी 1888 मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, पण तो टायर चाकाला चिकटवून टाकलेला असायचा. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ गावात एक सायकलस्वार असं पंक्चर चाक घेऊन मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात आला, अशी गोष्ट सांगतात. दुरुस्तीला तीन तास लागले आणि गोंद वाळायला रात्र गेली. त्या वैतागातून मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर बनवला आणि 1891 मध्ये पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या सुमारे 1200 किलोमीटरच्या शर्यतीत शार्ल तेराँ तोच टायर वापरून जिंकला. म्हणजे टायर 'निघणं' हाच एकेकाळी मोठा शोध होता!

इंग्रजी साहित्य शिकल्याचा एक फायदा इथे वसूल करते. 'टायर' हा शब्द 'अटायर' म्हणजे पेहराव या शब्दावरून आला असं शब्दकोश सांगतात. चाकाचा पेहराव. पंधरा वर्षं अंगात असलेला सदरा जसा सहज निघणार नाही, तसंच हे.

हवा काढा, मग बाकीचं

आता प्रत्यक्ष काम. मी उदाहरण घेतेय साध्या 100 सीसी मोटरसायकलचं, स्पोकवाली स्टीलची रिम, 18 इंची चाक, आत ट्यूब. भारतात अजूनही जुन्या गाड्यांमध्ये हीच जोडी सगळ्यात जास्त भेटते.

चाक गाडीतून काढण्याबद्दल फार लिहीत नाही. मागच्या चाकात चेन, ब्रेकचा रॉड, एक्सल असं सगळं गुंतलेलं असतं आणि परत बसवताना चेनचा ताण व ब्रेक नीट लागले पाहिजेत. सवय नसेल तर हे मेकॅनिककडूनच करून घ्या. गाडी मेन स्टँडवर, सपाट जमिनीवर हवी. साइड स्टँडवर असताना चाक काढायचा विचारही नको.

चाक हातात आलं की ते थेट फरशीवर आडवं टाकू नका. खाली एखादा जुना टायर किंवा दोन लाकडी फळ्या ठेवा, म्हणजे ड्रम आणि दातेरी चक्र दाबली जाणार नाहीत. मग व्हॉल्व्हचं टोपण काढा आणि आतली छोटी पिन व्हॉल्व्हच्या चावीने फिरवून बाहेर काढा. नुसती पिन दाबून 'फुस्स' केलं तर थोडी हवा आत राहतेच आणि तेवढीही पुढच्या कामात आडवी येते. पिन काढली की व्हॉल्व्हच्या बुडाशी रिमला आवळलेला नट काढा आणि व्हॉल्व्ह आत ढकला. तो मोकळा हलला पाहिजे.

इथे स्कूटरवाल्यांसाठी एक थांबा. जुन्या चेतकसारख्या स्कूटरची रिम दोन भागांची असते, नट-बोल्टने जोडलेली. तिथे लिव्हरची गरजच नाही. नट काढले की रिमचे दोन भाग सुटतात आणि टायर हातात येतो. पण चाक ड्रमला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग जोडणारे नट वेगळे. हवा भरलेली असताना हे दुसरे नट सोडले तर दोन्ही भाग स्फोटासारखे उडतात. म्हणून त्या चाकाला पाना लावण्याआधी पिन बाहेर, हा नियम डोक्यात पक्का ठेवा. (चेतकच्या मागे लटकणाऱ्या त्या जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. हे नाव वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलं, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं जादा चाक बनवणारी कंपनी होती. इंग्लंडमध्ये हा शब्द आता फारसा कुणाला कळत नाही, आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही कळतो.)

कड सोडवणं, हीच खरी लढाई

हवा निघाली तरी जुना टायर रिमला चिकटूनच राहतो. वर्षानुवर्षं हवेने कड ओठाशी दाबलेली असते. त्यात स्टीलची रिम गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो फुगून रबराला घट्ट धरतो. मुंबई, गोवा, कोकण, चेन्नई, कोलकाता अशा दमट ठिकाणी हा त्रास इंदूर-नागपूरपेक्षा जास्त. शिवाय कडक झालेलं रबर वाकायला तयार नसतं.

सगळ्यात स्वस्त मदत म्हणजे ऊन. चाक तासभर उन्हात ठेवा, दर थोड्या वेळाने उलटा. रबर बऱ्यापैकी नरम होतं. आग, ब्लो लॅम्प, गॅस यातलं काहीही नको. नंतर साबणाचं घट्ट पाणी करून ब्रशने कडेच्या सगळ्या घेराला लावा आणि दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. भांडी घासायचा द्रवसाबण चालतो. पेट्रोल, डिझेल, ग्रीस, इंजिन ऑइल लावण्याचा मोह होईल, पण तेलाने रबर फुगतं आणि खराब होतं. तेच तेल रिमवर राहून नव्या टायरलाही लागतं.

मग दाब द्यायचा. दाब टायरच्या भिंतीवर, रिमच्या अगदी जवळ पडला पाहिजे. मधोमध उड्या मारून उपयोग नाही, तिथे टायर नुसता झुलतो. जाड तळाचे बूट घालून टाचेने, रिमच्या ओठाला खेटून, पूर्ण वजन द्या. एकाच जागी हटून बसू नका. थोडं इथे, थोडं तिथे, असं गोल फिरत राहा. एका क्षणी 'पक्' असा आवाज येतो आणि कड पन्हाळात उतरते. एक वीत सुटली की बाकीची भराभर सुटते. मग चाक उलटून दुसरी बाजू.

टाचेने नाही जमलं तर? बाकावर व्हाइस असेल तर तिच्या जबड्यात टायरच्या दोन्ही भिंती धरून आवळता येतात. मोठा सी-क्लॅम्पही चालतो. आणि एक जुगाड आहे जो देशभरातले मेकॅनिक वापरतात. चाक जमिनीवर आडवं ठेवायचं, शेजारी दुसरी मोटरसायकल उभी करायची, तिच्या साइड स्टँडचा पाय टायरच्या भिंतीवर रिमला खेटून टेकवायचा आणि गाडीचं वजन हळूहळू त्यावर सोडायचं. शे-सव्वाशे किलोचं वजन एका छोट्या पायावर येतं, कड मुकाट सुटते. पण यासाठी दोन धडधाकट माणसं हवीत, एकाने गाडी शेवटपर्यंत धरूनच ठेवायची, आणि स्टँडचा पाय स्पोकवर किंवा रिमवर पडता कामा नये. डिस्क ब्रेकचं चाक असेल तर डिस्क वरच्या बाजूला ठेवा आणि ती बाजू या जुगाडाने करूच नका.

कारचं चाक टायरवरून नेण्याचे व्हिडिओ तुमच्या फोनवर आले असतील. मला ती पद्धत अजिबात पटत नाही. दोन इंच चुकले की रिमचा घात.

आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांनी यातलं काही केलं नाही. बहीण चाक घेऊन गेली, मी आणि बाबा मागोमाग. त्यांनी साबण लावला, एक लिव्हर कड आणि रिमच्या मधे रोवली, लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने मोजून ठोके दिले. ठोके लिव्हरवर, रिमवर एकही नाही. समोरची बाजू टायरमध्ये रुतून बसली होती, तरी पाच-सात मिनिटांत ते दोन्ही बाजू सोडवून मोकळे! बहिणीने 'मी करून बघू?' असं विचारलं तेव्हा त्यांनी लिव्हर तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "पहले सामने वाला हिस्सा घुटने से दबाओ." बाबा बाजूच्या स्टुलावर बसून तिला बघत होते आणि अधूनमधून सूचना देत होते, ज्या चाचा शांतपणे दुर्लक्षित करत होते.

लिव्हर कशी धरायची

टायरची लिव्हर म्हणजे चमच्यासारखं गोलसर टोक असलेली लोखंडी पट्टी. दोन असल्या तर काम होतं, तीन असल्या तर बरं. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. त्याचं टोक धारदार असतं, ट्यूब फाडतं, आणि निसटलं तर हातात घुसतं. हातमोजे घाला, डोळ्यांवर साधा संरक्षक चष्मा असू द्या आणि लहान मुलांना दोन पावलं लांब ठेवा. ताणलेली लिव्हर सुटली तर पट्टीसारखी फटकन उलटते.

सुरुवात व्हॉल्व्हच्या जवळून करा. कारण व्हॉल्व्हच्या जागी ट्यूबचा जाड बुंधा पन्हाळात अडकतो, तिथे कड खोल जात नाही. म्हणून व्हॉल्व्हच्या बरोबर समोरची बाजू गुडघ्याने पन्हाळात दाबून धरायची आणि व्हॉल्व्हच्या बाजूची कड उचलायची. पहिली लिव्हर कडेखाली सरकवून खाली दाबा, कड ओठावर येईल. ती तशीच धरून दोन-तीन इंचांवर दुसरी लावा. एकदम वीतभर कड उचलायची घाई केली की लिव्हर अडते. छोटे छोटे घास घ्या. साताठ इंच बाहेर आले की उरलेली कड हाताने ओढतानाच निघते. लिव्हर फार खोल खुपसू नका, तिच्या टोकाखाली ट्यूब चिमटते. ट्यूब टाकूनच द्यायची असेल तर प्रश्न नाही, पण जुन्या टायरबरोबर नवी ट्यूबच घालावी असं माझं मत आहे. जुनी ट्यूब पसरलेली असते आणि नव्या टायरमध्ये तिला घडी पडते.

एक बाजू बाहेर आली की ट्यूब ओढून काढा. मग चाक उभं करा, दुसरी कडही त्याच बाजूने बाहेर काढायची आहे. खालची बाजू पन्हाळात, वरून लिव्हर, आणि टायर मोकळा.

इतकं करूनही टायर निघत नसेल, आणि तो भंगारातच जाणार असेल, तर कापून काढण्याचाही मार्ग आहे. धारदार सुरीने भिंत गोल कापतात, मग उरलेल्या कडेची तार करवतीने किंवा कटरने तोडतात. हे घरी करू नका असं मी स्पष्टच सांगेन. तुटलेल्या तारेची टोकं सुईसारखी असतात. दुकानदाराकडे हे काम द्या.

अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर असेल तर तर घरी हात लावूच नये असं वाटतं. त्या रिममध्ये कड जागेवर धरून ठेवणारा एक छोटा उंचवटा असतो, त्यामुळे कड आणखी हट्टी होते. शिवाय तिथे हवा फक्त कड आणि रिम यांच्या मधल्या बंद सांध्यावर टिकते. लिव्हरने त्या जागी एक ओरखडा पडला की रोज सकाळी हवा कमी. टायरच्या दुकानात यासाठी मशीन असतं. मशीन नसलेल्या दुकानात करावं लागलं तर लिव्हर आणि रिमच्या मधे जुन्या ऑइलच्या डब्याचा प्लास्टिकचा तुकडा ठेवायला सांगा.

रिम उघडी पडली की

टायर काढण्याचा सगळ्यात मोठा फायदा इथे मिळतो. आमच्या रिमवरची रबरी पट्टी उचलली तर खाली गंजाचे पापुद्रे निघाले, आणि दोन ठिकाणी पट्टी फाटून स्पोकच्या निपलची टोकं डोकावत होती. बाहेरून गाडी धुवून चकचकीत केली असती तरी हे कधीच दिसलं नसतं. गंजाचा खरखरीत काठ आणि स्पोकचं टोक ट्यूबला आतून घासत राहतं आणि एके दिवशी ट्यूब फाटते. ट्यूबची हवा ट्यूबलेससारखी हळूहळू जात नाही, भसकन जाते. पुढच्या चाकात हे चालत्या गाडीवर झालं तर काय, ते लिहायची गरज नाही.

तारेच्या ब्रशने गंज काढा, पॉलिश पेपरने घासा, रिमवर गंजरोधक प्रायमर आणि रंगाचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. जास्त वर आलेली स्पोकची टोकं कानशीने घासून सपाट करा. रबरी पट्टी नवीच घाला, ती ट्यूबपेक्षाही स्वस्त असते. रिमचा ओठ वाकलेला असेल किंवा गंजाने भोक पडलं असेल तर रंग लावून झाकू नका, रिम बदला. स्पोक एकेक करून बोटाने वाजवून बघा, सैल असलेला 'थप्प' वाजतो, ताणलेला 'टिंग'.

नवा टायर घालताना काम उलट क्रमाने, आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. भिंतीवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना ते आधी बघा, नाहीतर सगळं परत. ट्यूबमध्ये किंचित हवा भरून मग आत घाला, म्हणजे ती पिळत नाही आणि लिव्हरखाली येत नाही. हवा भरताना कड रिमवर सारखी बसली का, ते भिंतीवरच्या बारीक गोल रेषेवरून कळतं. ती रेषा रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. नसेल तर हवा काढून, साबण लावून पुन्हा भरा. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर कधीही जाऊ नका आणि बोटं कडेपासून लांब ठेवा.

बाबांच्या गाडीचे दोन्ही टायर बदलले. गाडी पंधरा वर्षांच्या वर गेलेली, त्यामुळे नोंदणीचं नूतनीकरण, विमा आणि पीयूसी ही कामंही लागोपाठ करावी लागली. तुमची गाडी एवढी जुनी असेल तर टायरच्या आधी कागद बघा, नाहीतर नवे टायर लावून ती पार्किंगमध्येच राहील.

आणि तो जुना टायर?

चाचांनी विचारलं, "रख लूं?" बाबा म्हणाले, एक घरी नेतो. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

घरी नेणार असाल तर एवढं नक्की करा. टायर गच्चीत किंवा अंगणात उघडा ठेवला तर त्याच्या पोटात पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास असं स्वच्छ, सावलीतलं पाणी शोधतच असतो. त्याची अंडी कोरड्या टायरच्या भिंतीला चिकटून कित्येक महिने टिकतात आणि पहिल्या पावसात फुटतात. म्हणून कुंडी बनवा, झोपाळा बनवा, पण तळाशी ड्रिलने मोठी भोकं पाडा, नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. शेकोटीत किंवा होळीत टायर टाकू नका, त्याचा काळा धूर शेजाऱ्यांच्या फुप्फुसात जातो. नको असेल तर टायर दुकानातच सोडा. 2022 पासून वापरलेल्या टायरच्या विल्हेवाटीची जबाबदारी नियमाने टायर उत्पादकांवरही टाकलेली आहे आणि दुकानांतून गोळा होणारे टायर पुनर्वापराच्या कारखान्यांपर्यंत जाण्याची शक्यता तुमच्या गच्चीपेक्षा नक्कीच जास्त.

आमच्या टायरला बाबांनी सहा भोकं पाडली. त्यात सध्या पुदिना आहे.